तो एक तास कोणाच्या खात्यात?

कामगार नुकसानभरपाईच्या कायद्याला जोडलेल्या परिशिष्टात माणसाच्या हाताचा बोटागणिक हिशेब दिलेला आहे. अंगठा गेला तर कमाईची क्षमता ३० टक्के घटली असं धरायचं. तर्जनी मुळापासून गेली तर १४ टक्के, मधलं बोट गेलं तर १२, अनामिका किंवा करंगळी गेली तर ७. तर्जनीची दोन पेरं गेली तर ११, एक पेर गेलं तर ९ आणि हाड शाबूत राहून नुसता शेंडा उडाला तर ५. एका हाताची चारही बोटं गेली तर ५०.

कर्मचारी राज्य विमा योजनेत असलेला, महिन्याला १५,००० रुपये मिळवणारा एखादा प्रेस ऑपरेटर घ्या. त्याचा रोज ५०० रुपये पडतो. कायमच्या अपंगत्वाचा लाभ मजुरीच्या ९० टक्क्यांवर मोजतात, म्हणजे ४५० रुपयांवर. त्याचे १४ टक्के होतात ६३ रुपये. उजव्या हाताच्या तर्जनीबद्दल दिवसाला साधारण ६३ रुपये. ते त्याला आयुष्यभर मिळतील, आणि मिळायलाच हवेत. पण पंचविशीतल्या मुलाला पुढची चाळीस वर्षं शर्टाचं बटण लावताना, भाकरीचा तुकडा मोडताना आणि नव्या कंपनीच्या गेटवर हात पुढे करताना जे सोसावं लागतं, त्याचा आकडा कोणत्याच परिशिष्टात मांडलेला नाही.

ही बोटं जातात कुठे? चाकण, भोसरी, वाळूज, सातपूर, अंबड अशा औद्योगिक वसाहतींत मोठ्या वाहन कंपन्यांच्या मागे सुट्या भागांच्या लहानमोठ्या कारखान्यांची रांग असते. तिथे पत्रा कापणं, वाकवणं, त्याला भोकं पाडणं ही कामं पॉवर प्रेसवर होतात. एका हातानं पत्रा डायमध्ये ठेवायचा, हात बाहेर घ्यायचा, पायानं पॅडल दाबायचं. वरचा भाग टनांच्या वजनानं खाली येतो आणि परत वर जातो. तयार तुकडा काढायचा, नवा पत्रा ठेवायचा. तासाला काहीशे वेळा हेच. जुन्या प्रेसचा क्लच झिजला असेल तर पॅडल न दाबताही ती दुसऱ्यांदा खाली येते. कामगार याला डबल स्ट्रोक म्हणतात. त्या क्षणी हात तुकडा काढायला आत गेलेला असतो.

यावरचे उपाय ठाऊक नाहीत असं नाही. हात आत असताना प्रेस चालूच होऊ नये म्हणून प्रकाशकिरणांचा पडदा बसवता येतो. शॉपमध्ये त्याला नुसतं सेन्सर म्हणतात. दोन्ही हातांनी दोन बटणं एकदम दाबल्याशिवाय स्ट्रोक पडणार नाही अशी रचना करता येते. तुकडा चिमट्यानं किंवा चुंबकाच्या दांडीनं काढता येतो. डाय बसवताना वरचा भाग खाली येऊ नये म्हणून मध्ये ठोकळा ठेवता येतो. तरीही हरियाणाच्या मानेसर-गुडगाव पट्ट्यात काम सुरू केलेल्या ‘सेफ इन इंडिया’ या संस्थेनं २०१९ पासून ‘क्रश्ड’ या नावानं जे अहवाल काढले, त्यांत पॉवर प्रेस, गेलेली बोटं आणि प्रशिक्षण न मिळालेले तरुण कामगार हेच चित्र वर्षामागून वर्षं येत राहिलं. पुढे त्यांनी महाराष्ट्रातल्या वाहनउद्योगाकडेही लक्ष वळवलं.

या प्रकरणाचा विषय मात्र यंत्र हा नाही. यंत्राशी कसं वागायचं, ते बिघडलं तर काय करायचं आणि कधी त्याला हातच लावायचा नाही, हे शिकवण्यासाठी जो तास ठेवलेला असतो, त्या तासाला माणसं का येत नाहीत आणि ती यावीत म्हणून काय करावं, हा आहे.

बहुतेक ठिकाणी या प्रश्नाचं उत्तर आधीच ठरलेलं असतं. सूचनाफलकावर कागद लागतो, चाळीस माणसांची नावं निघतात, पंधरा येतात. मग कार्यालयात वाक्य ऐकू येतं: ‘आपल्या लोकांना सेफ्टीचं काही पडलेलंच नाही.’ मला हे वाक्य अन्यायाचं वाटतं, आणि त्याहून वाईट म्हणजे ते चुकीचं आहे. ज्याचं बोट आहे त्याला त्या बोटाची काळजी नसेल, असं मानायचं कारणच काय?

तो का आला नाही हे पाहायचं तर आधी घड्याळ पाहावं. प्रशिक्षण बहुधा शिफ्ट सुटल्यावर ठेवतात, कारण शिफ्टमध्ये ठेवलं तर उत्पादन अडतं. शिफ्ट सुटते तेव्हा कंपनीची बस सुटते. तळेगावहून चाकणला किंवा पैठणहून वाळूजला येणाऱ्या माणसाची ती बस चुकली तर पुढचं वाहन स्वतःच्या पैशानं. बाईमाणूस असेल तर घरी पोरं वाट पाहत असतात. कायद्यानं जादा कामाला दुप्पट दर सांगितलेला आहे, त्यामुळे तोच एक तास ओव्हरटाइमला दिला तर दुप्पट पैसे आणि प्रशिक्षणाला दिला तर शून्य, अशी तुलना कामगारापुढे असते. ती तुलना त्यानं केली तर त्याला बेफिकीर म्हणता येत नाही. हिशेब त्याला येतो, इतकंच त्यातून दिसतं.

दुसरी अडचण लाइनवरच्या सुपरवायझरची. त्याला दिवसाचं टार्गेट दिलेलं असतं आणि प्रशिक्षणाच्या दिवशी ते कमी होत नाही. चार माणसं तासभर गेली तर राहिलेल्या कामाचा जाब त्यालाच द्यायचा असतो. म्हणून तो नाही म्हणत नाही. ‘जा, पण लवकर ये’ म्हणतो. कामगाराला एवढं पुरतं. सुपरवायझर त्याची रजा मंजूर करतो, ओव्हरटाइम देतो, कोणत्या प्रेसवर उभं करायचं ते ठरवतो. वरच्या साहेबांनी काढलेल्या छापील पत्रकापेक्षा त्या चार शब्दांचं वजन शॉपमध्ये कितीतरी जास्त असतं. प्रशिक्षणाला गर्दी हवी असेल तर पहिलं काम हे की त्या तासाइतकं टार्गेट कागदावर कमी करायचं आणि तसं सुपरवायझरला लेखी द्यायचं. हे केल्याशिवाय बाकी सगळं प्रोत्साहन म्हणजे नुसतं बोलणं.

तिसरी गोष्ट कंत्राटी कामगारांची. ठेकेदार म्हणतो, काम कंपनीत चालतं, शिकवणं कंपनीचं काम. कंपनी म्हणते, माणसं ठेकेदाराची. या ओढाताणीत कंत्राटी मुलाला गेटवर अर्ध्या तासाची एक चित्रफीत दाखवतात, सही घेतात, हेल्मेट देतात आणि यंत्रापाशी नेऊन उभं करतात. कायदा याबाबत गोंधळलेला नाही. कारखाने कायद्याच्या व्याख्येत ठेकेदारामार्फत घेतलेला माणूसही कामगारच होता. भोपाळच्या दुर्घटनेनंतर १९८७ मध्ये याच कायद्यात मोठी दुरुस्ती झाली. कामाच्या जागी आरोग्य आणि सुरक्षेची माहिती मिळवणं, शक्य असेल तिथे कारखान्यातच प्रशिक्षण घेणं, नाहीतर मान्यताप्राप्त केंद्रात मालकाच्या खर्चानं जाणं हा कामगाराचा हक्क आहे, असं तेव्हा कलम १११-अ मध्ये लिहिलं गेलं. २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कामाच्या परिस्थितीविषयीच्या संहितेतही माहिती, प्रशिक्षण आणि देखरेख पुरवणं हे मालकाचं कर्तव्य आहे. म्हणजे ज्या तासाला आपण कामगाराला ‘प्रोत्साहन’ देऊन बोलावतो, तो तास मुळात त्याचं येणं आहे. हे त्याला कुणी सांगितलेलं मात्र नसतं. गेटजवळच्या फलकावर ‘सुरक्षा प्रथम’ असतं. कलम १११-अ मराठीत लिहिलेला फलक मी अजून कुठे पाहिलेला नाही.

आता समजा, वेळ शिफ्टमधली दिली, टार्गेट कमी केलं, ठेकेदाराची माणसंही बसवली. तरी दुसऱ्या वेळी ती खुशीनं येतील का? ते पहिल्या वेळी खोलीत काय घडलं यावर ठरतं.

खोलीत बहुधा पडद्यावर इंग्रजी पाट्या झळकत असतात. समोर लातूर-हिंगोलीकडची मुलं, काही ओडिशा-बिहारची. ‘लॉकआउट-टॅगआउट’ हे शब्द पाठ होतात, अर्थ अधांतरी राहतो. तोच मुद्दा ‘मशीन बंद कर, मेन स्विचला कुलूप लाव, चावी तुझ्याच खिशात ठेव, आणि हात बाहेर आल्याशिवाय ती कुणालाही देऊ नकोस’ असा सांगितला तर विसरता येत नाही. हिंदीत सांगायचं असेल तर हिंदीत सांगावं, आणि एखादा मुलगा ओडियाच नीट समजत असेल तर त्याच्या गावचा जुना कामगार शेजारी बसवावा. भाषेचा आग्रह धरायला इतर जागा आहेत. प्रेससमोर समजणं महत्त्वाचं.

भाषेपेक्षाही जास्त माणसं दुरावतात ती अपमानानं. ज्या ऑपरेटरला माहीत आहे की आपल्या प्रेसचं सेन्सर कित्येक महिने बंद आहे, दोनपैकी एक बटण चिकटपट्टी लावून कायमचं दाबून ठेवलेलं आहे आणि ती पट्टी तुकडे वाढावेत म्हणून कुणाच्या तरी तोंडी हुकमानं लागली आहे, त्याला तासभर बसवून ‘काम करताना लक्ष द्या, तुमची सुरक्षा तुमच्या हाती’ असं ऐकवलं जातं. तो काही बोलत नाही. बोललं तर वाईट दिसेल हे त्याला कळतं. सही करतो आणि उठतो. पुढच्या वेळी तो पोटदुखीचं कारण सांगेल, आणि त्याच्या जागी मी असतो तरी तेच केलं असतं. जे प्रशिक्षण कामगाराला आरोपीच्या जागी बसवतं आणि यंत्राबद्दल गप्प राहतं, त्याच्याकडे लोक पाठ फिरवतात हे त्यांच्या शहाणपणाचं लक्षण आहे.

कोणत्या पद्धतीचं शिकवणं उपयोगी पडतं, यावर चांगलं संशोधन झालेलं आहे. २००६ मध्ये ‘अमेरिकन जर्नल ऑफ पब्लिक हेल्थ’ या नियतकालिकात मायकेल बर्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७१ ते २००३ या काळातल्या ९५ अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला. त्यांत २०,००० हून अधिक कामगारांची माहिती होती. नुसतं व्याख्यान, चित्रफीत, पत्रकं एका टोकाला. हातानं करून पाहणं, त्यावर प्रश्न-उत्तरं, चुकलं तर तिथेच सुधारणं हे दुसऱ्या टोकाला. दुसऱ्या प्रकारचं प्रशिक्षण ज्ञान आणि कौशल्य अंगी बाणवण्यात सुमारे तिप्पट परिणामकारक ठरलं, आणि अपघात-आजार कमी होण्याशीही त्याचा संबंध दिसला. आपल्याकडच्या अनेक कारखान्यांत खर्च पहिल्या प्रकारावर होतो, कारण त्याचा पुरावा सोपा असतो: एक फोटो आणि एक हजेरीपत्रक.

हातानं करून पाहण्याची गरज सगळ्यात तीव्र कुठे असते याचं उदाहरण म्हणून बंदिस्त जागा घेऊ. साखर कारखान्यातली मळीची टाकी, आसवनीचा खड्डा, सांडपाण्याची टाकी, गावातली बायोगॅसची टाकी किंवा पडीक विहीर. अशा जागी हायड्रोजन सल्फाइड साठतो. सुरुवातीला सडक्या अंड्यासारखा वास येतो. पण हवेच्या दहा लाख भागांत त्याचं प्रमाण शंभराच्या आसपास गेलं की नाकाची वास घेण्याची शक्तीच बधिर होते. माणसाला वाटतं, गॅस निघून गेला. तो उतरतो आणि कोसळतो. वर उभा असलेला त्याचा सोबती, बहुतेक वेळा भाऊ, मेहुणा किंवा गाववाला, विचार न करता खाली उडी घेतो. तोही कोसळतो. मग तिसरा. अमेरिकेतल्या ‘नायॉश’ या व्यावसायिक आरोग्य संशोधन संस्थेनं १९८६ मध्येच सांगितलं होतं की बंदिस्त जागांतल्या मृत्यूंपैकी ६० टक्क्यांहून जास्त मृत्यू वाचवायला गेलेल्यांचे असतात. आपल्याकडच्या वर्तमानपत्रांत ‘टाकी साफ करताना तिघांचा गुदमरून मृत्यू’ ही बातमी वाचताना त्या तिघांतले किती जण आधी उतरलेले आणि किती जण धावून गेलेले, एवढं पाहिलं की या आकड्याचा अर्थ कळतो.

इथे निष्काळजीपणा कुठे आहे? जो मागोमाग उतरला तो तर सगळ्यात काळजी करणारा होता. त्याचा जीव त्याच्या चांगुलपणानं गेला. मायेच्या माणसाला खाली पडलेलं पाहून काठावरच थांबायचं, हवा पंपानं आत सोडायची, कमरेला आधीच बांधलेल्या दोरानं त्याला ओढायचं आणि श्वसनयंत्र असल्याशिवाय उतरायचं नाही, हे कोणाच्याही स्वभावात नसतं. ते आधी करून, पुन्हापुन्हा करून अंगात भिनवावं लागतं. ‘अक्कल वापरली की झालं, ट्रेनिंग कशाला’ म्हणणाऱ्याला हे उदाहरण जरूर सांगावं. मी पाहिलं आहे की हा प्रसंग सांगितल्यावर खोलीतली कुजबुज थांबते, कारण प्रत्येकाला आपण कोणासाठी उडी घेऊ त्याचं नाव आठवतं.

अंगात भिनवणं म्हणजे काय, याचं जगाला ठाऊक असलेलं उदाहरण न्यूयॉर्कचं आहे. वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या दक्षिण मनोऱ्यात मॉर्गन स्टॅनली या वित्तसंस्थेची कार्यालयं होती. तिथला सुरक्षाप्रमुख रिक रेस्कोर्ला, व्हिएतनामच्या युद्धात लढलेला माणूस. फेब्रुवारी १९९३ मध्ये त्या इमारतीच्या तळघरात बॉम्बस्फोट झाला, आणि तेव्हापासून त्यानं एक नियम लावला. ठरावीक महिन्यांनी सगळ्यांनी जागा सोडायची, मजल्याच्या मध्यभागी जमायचं आणि जोडीजोडीनं जिन्यानं उतरायचं. पद कोणतंही असो. फोनवर मोठमोठे सौदे करणाऱ्या दलालांनाही फोन ठेवायला लागायचा, आणि त्यांची कुरकूर चालायची. ११ सप्टेंबर २००१ ला सकाळी शेजारच्या मनोऱ्यावर विमान आदळलं तेव्हा दक्षिण मनोऱ्यात ‘आपापल्या जागी थांबा’ अशी घोषणा झाली. रेस्कोर्लानं ती मानली नाही. कर्णा घेऊन त्यानं लोकांना जिन्याकडे वळवलं. १७ मिनिटांनी दुसरं विमान त्यांच्याच मनोऱ्यावर आदळलं, तोवर बहुतेक जण खाली पोचत आले होते. संस्थेचे सुमारे २,७०० कर्मचारी, जवळपास सगळेच, वाचले. रेस्कोर्ला मागे राहिलेल्यांना शोधायला पुन्हा वर गेला आणि परतला नाही.

ही कथा शौर्याची म्हणून सांगतात, आणि ती तशी आहेच. मला तिच्यातला दुसरा धागा मोलाचा वाटतो. त्या कंपनीनं आठ वर्षं स्वतःच्या कमाईची मिनिटं कापून दिली. दलालानं फोन ठेवला कारण फोन ठेवल्याबद्दल त्याला कोणी बोलणार नव्हतं. आपल्याकडे आगीची मॉक ड्रिल होते तेव्हा कार्यालयातली मंडळी पिवळी जाकिटं घालून मैदानात जमतात, आणि पॅकिंग विभागातल्या कंत्राटी बायकांना अनेकदा सांगितलं जातं, ‘तुम्ही चालू ठेवा, गाडी भरायची आहे.’ मुळशी तालुक्यातल्या उरवडे इथे ७ जून २०२१ ला रासायनिक कारखान्याला लागलेल्या आगीत १७ कामगारांचा जीव गेला. त्यांतल्या बहुसंख्य स्त्रिया होत्या. बाहेर पडायचा रस्ता पायांना ठाऊक असण्याची सगळ्यात जास्त गरज पॅकिंगच्या टेबलाशी बसलेल्या बाईला असते. मॉक ड्रिलमधून तिलाच वगळायचं, याला माझ्याकडे सौम्य शब्द नाही.

मोठ्या सभागृहातल्या वार्षिक कार्यक्रमापेक्षा शिफ्टच्या सुरुवातीची दहा मिनिटं जास्त काम करतात असा माझा विश्वास आहे. बऱ्याच कारखान्यांत त्याला टूलबॉक्स टॉक म्हणतात, टीबीटी. ती वाचून दाखवण्याची सूचना असेल तर फुकट आहे. पण जपानी कारखान्यांतून आलेली एक पद्धत चाकण आणि रांजणगावच्या काही कंपन्यांतही रुजली आहे. १९७४ मध्ये सुमितोमो मेटल या पोलाद कंपनीत ती आकाराला आली. ‘किकेन योची’, म्हणजे धोका आधीच ओळखणं. पाच-सहा जण यंत्राभोवती किंवा कामाच्या चित्राभोवती उभे राहतात. आधी प्रत्येकानं सांगायचं की इथे काय होऊ शकतं. मग त्यातला सगळ्यात घातक धोका कोणता ते मिळून ठरवायचं. मग त्यावर काय करता येईल ते सुचवायचं, आणि शेवटी आज आपण नेमकं काय करणार ते एकानं बोलून सगळ्यांनी म्हणायचं. यात शिकवणारा जवळजवळ गप्प असतो. बोलतो तो हेल्पर, कारण तेल कुठे सांडतं आणि पाय कुठे घसरतो हे त्यालाच माहीत असतं. ज्या माणसाचं म्हणणं वर्षभर कुणी विचारलेलं नाही त्याला ते विचारलं गेलं, की दुसऱ्या दिवशी त्याला बोलवायला जावं लागत नाही.

याच्याच जोडीची दुसरी सवय म्हणजे बोट दाखवून मोठ्यानं बोलणं. जपानी रेल्वेतली ही पद्धत. सिग्नलकडे, मापकाकडे, बटणाकडे बोट करायचं आणि त्याची स्थिती उच्चारायची. जपानच्या रेल्वे तंत्र संशोधन संस्थेनं १९९४ मध्ये केलेल्या प्रयोगात साध्या कामात दर शंभर कृतींमागे २.३८ चुका होत होत्या. बोट दाखवून उच्चार केल्यावर त्या ०.३८ वर आल्या. आपल्या रेल्वेतही लोको पायलट आणि त्याचा सहायक सिग्नल एकमेकांना हात करून मोठ्यानं सांगतात. प्रेस ऑपरेटरनं शिफ्टच्या सुरुवातीला सेन्सरसमोर काठी धरून प्रेस थांबते का ते पाहायचं आणि ‘सेन्सर चालू’ असं म्हणायचं, याला पैसे लागत नाहीत. सेन्सर बंद असेल तर मात्र लागतात.

तिथेच खरी परीक्षा असते. टीबीटीमध्ये एखाद्यानं सांगितलं की तीन नंबरची प्रेस डबल स्ट्रोक मारते. आता काय? त्याच शिफ्टमध्ये प्रेस थांबली, मेन्टेनन्सनं क्लच उघडला, आणि सांगणाऱ्याला त्या दिवसाचे पैसे पूर्ण मिळाले, तर ती बातमी जेवणाच्या सुट्टीआधी अख्ख्या शॉपमध्ये पोचते. पुढच्या बैठकीला सगळे हजर असतात. आणि ‘बघू, या महिन्याची डिस्पॅच होऊ दे’ असं उत्तर मिळालं, तर तीही बातमी तितक्याच वेगानं पोचते. प्रशिक्षणाला येणाऱ्यांचा आकडा वर न्यायचा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात अवघड मार्ग हा आहे: तिथे बोलली गेलेली दुरुस्ती किती दिवसांत झाली ते हजेरीच्या शेजारी लिहायचं. चांगले सेफ्टी ऑफिसर हे करतात. त्यासाठी ते व्यवस्थापनाशी भांडतात आणि अनेकदा एकटे पडतात.

बक्षिसांबद्दल थोडं. ४ मार्च १९६६ ला राष्ट्रीय सुरक्षा परिषद स्थापन झाली आणि १९७२ पासून हा दिवस राष्ट्रीय सुरक्षा दिन म्हणून पाळला जातो. त्या आठवड्यात शपथ, बिल्ले, घोषवाक्य स्पर्धा, कामगारांच्या मुलांची चित्रकला असं सगळं होतं. त्यात आनंद आहे, घरच्यांना कारखान्याशी जोडणं आहे. मी त्याच्या विरोधात नाही. प्रशिक्षणाला आलेल्याला डबा किंवा टी-शर्ट दिला तरी हरकत नाही. पण ‘अपघात न झालेले दिवस’ मोजून सगळ्या विभागाला बक्षीस द्यायची प्रथा घातक आहे. ९७ दिवस झाले, शंभराव्या दिवशी सगळ्यांना स्टीलचा संच मिळणार, आणि एकाचं बोट चेचलं. तो खिशात हात घालून फिरतो, कारण चाळीस जणांचं बक्षीस त्याच्यामुळे जाईल. जखम लपते, तिचं कारण लपतं, आणि पुढच्या वेळी बोट चेचण्यावर भागत नाही. बक्षीस द्यायचंच तर थोडक्यात वाचलेला प्रसंग येऊन सांगणाऱ्याला द्यावं.

हे सगळं मोठ्या कारखान्यात जमेल, पण पंधरा माणसांच्या गाळ्यात काय? कारखाने कायद्यात सुरक्षा अधिकारी नेमण्याची सक्ती साधारणपणे १,००० कामगारांपासून होती. २०२० च्या संहितेनं ती ५०० वर आणली, धोकादायक प्रक्रियेसाठी २५० वर. गाळ्यातल्या मालकाकडे असा माणूस कधीच नसणार. पुष्कळदा तो स्वतःच जुना टूलरूमचा कामगार असतो, स्वतःच डाय बसवतो, आणि स्वतःचंही एखादं पेर गमावलेला असतो. त्याला व्याख्यान देऊन भागत नाही, शेजाऱ्यांची साथ लागते. रासायनिक पट्ट्यांत ठाणे-बेलापूर, पाताळगंगा अशा ठिकाणी कंपन्यांनी आणीबाणीत एकमेकांना मदत करण्यासाठी ‘मार्ग’ नावाचे गट केले आहेत. एकाची अग्निशमन गाडी दुसऱ्याच्या गेटवर पोचते. तसंच प्रशिक्षणाचंही करता येईल. एका गल्लीतल्या दहा गाळ्यांनी मिळून एक चालू प्रेस आणि एक जाणता ऑपरेटर महिन्यातून दोन तास मोकळा ठेवायचा. शीवला केंद्रीय श्रम संस्था आहे, बेलापूरला राष्ट्रीय सुरक्षा परिषदेचं मुख्यालय आहे, राज्याचं औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय आहे. त्यांचे प्रशिक्षक गाळ्यापर्यंत आणणं हे उद्योजकांच्या संघटनांचं काम आहे. मोठ्या वाहन कंपन्यांनीही, ज्यांच्यासाठी हे सुटे भाग बनतात, मालाचा दर ठरवताना हा वेळ त्यात धरला पाहिजे. दर घासून घ्यायचा आणि सुरक्षेची अपेक्षा पत्रकातून करायची, हे दोन्ही एकत्र चालत नाही.

शेवटी वेळेचा एक मुद्दा राहतो: प्रशिक्षण कधी? टोरांटोच्या ‘इन्स्टिट्यूट फॉर वर्क अँड हेल्थ’ या संस्थेच्या अभ्यासांतून दिसतं की नव्या कामावर पहिल्या महिन्यात असलेल्या माणसाला, कामाला वर्षाहून जास्त झालेल्या माणसाच्या मानानं, रजा घ्यावी लागेल अशा दुखापतीचा धोका तिपटीहून जास्त असतो. वय कितीही असो. आता आपल्याकडच्या एमआयडीसीतली रीत आठवा. कंत्राटी मुलाला सहा-सात महिने झाले की ‘ब्रेक’ देतात, म्हणजे तो कायम होण्याचा प्रश्न येत नाही. तो शेजारच्या कंपनीत जातो. तिथे यंत्र वेगळं, डाय वेगळी, सुपरवायझर वेगळा, आणि तो पुन्हा पहिल्या महिन्यात. पुढच्या दिवाळीला आणखी एकदा. पाच वर्षं प्रेसवर काम करूनही हा मुलगा सारखा नवाच राहतो, आणि दर वेळी गेटवर त्याला तीच अर्ध्या तासाची चित्रफीत दिसते.

त्याच्यासाठी पहिल्या दिवशीचे पहिले दोन तास पगारी असावेत, आणि ते यंत्रापाशी जावेत. ज्या प्रेसवर तो उभा राहणार तीच प्रेस, बंद असताना. सेन्सर कुठे आहे, ते चालतं की नाही हे कसं पाहायचं, इमर्जन्सी बटण डोळे मिटून सापडतं का, तुकडा कशानं काढायचा, याआधी या प्रेसवर कोणाला लागलं होतं आणि कसं. हे त्याला जुन्या ऑपरेटरनं दाखवावं आणि त्या दोन तासांचं टार्गेट दोघांच्याही नावावरून कमी व्हावं. मग सुपरवायझरनं, ठेकेदाराच्या माणसादेखत, त्याला सांगावं की प्रेसनं एकदा जरी डबल स्ट्रोक मारला तर पॅडलवरून पाय काढ, मागे हो आणि मला हाक मार. त्या दिवशी तुझे तुकडे कोणी मोजणार नाही.